शून्य म्हणजे सगळे

सोमवार, २ जुलै १९९०. सकाळी ७ वाजून ५० मिनिटं.

आत्ता मी तीन नंबरच्या टेबलाखाली उताणा पडलो आहे. वही पोटावर, केबलचं टोक दातांत. ऑफिस दहाला उघडतं, तोवर दुसरा मजला माझा एकट्याचा!

पाणीपट्टीचं ऑफिस. बारा टेबलं, बारा नवेकोरे कॉम्प्युटर. खाली तळघरात मोठं मशीन — कपाटाएवढ्या सहा पेट्या, त्यांना स्वतंत्र थंड खोली. शहरातल्या प्रत्येक नळाचा हिशोब त्याच्या पोटात. पण वरच्यांना खालचं काही दिसत नाही. माणूस खिडकीशी येतो, 'माझं बिल एवढं कसं?' म्हणतो. क्लार्क चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी जिना उतरून जाते, उत्तर दोन दिवसांनी वर येतं. त्यामुळे सगळ्या मजल्याला एकच वाक्य पाठ — 'परवा या.'

हे वाक्य मोडायला मी आलो आहे. (हे फक्त इथे लिहितो. बोलून दाखवायची छाती नाही.)

साहेब म्हणाले, "एकतीस तारखेपर्यंत बाराही मशीनं खालच्याशी बोलायला लागली तर तू कायम. नाहीतर मी कंपनीचा इंजिनिअर बोलावतो आणि तू मोकळा."

अर्जात शिक्षणाचा रकाना होता. मी लिहिलं — पदविका अभ्यासक्रम, इलेक्ट्रॉनिक्स. प्रमाणपत्र मागाहून जोडतो.

प्रमाणपत्र नाही. दुसऱ्या वर्षी गणितात नापास. परत बसलो, परत नापास. मग रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. 'मागाहून' घाईघाईनं लिहिलं. अक्षर मात्र चांगलं आलं.

मंगळवार, ३ जुलै

पाच टेबलं झाली. गुडघे सोलले. ताईनं पँटला आतून ठिगळ लावलं. भावजी म्हणाले, "कॉम्प्युटरची नोकरी म्हणे. आम्हाला वाटलं खुर्चीत बसून करतात."

गुरुवार, ५ जुलै

आज तळघरात पहिल्यांदा गेलो. ऑपरेटर म्हणजे कोणी पोक्त बाई असतील असं धरून चाललो होतो. ती माझ्याच वयाची निघाली. बाहेर उकाडा असूनही स्वेटर, बोटं सोडलेले हातमोजे. आत इतकी थंडी की माझा चष्मा बाहेर आल्यावर धुकटला.

"तुम्हीच का ते वरचे? दोन दिवस डोक्यावर ठोकाठोक चाललीये."

मी म्हटलं, "केबल... भिंतीला... खिळे."

"वाक्य पूर्ण केलंत तरी चालेल. इथे दार बंद असतं, कोणी ऐकत नाही."

तिला सगळं येतं. मोठ्या मशीनला कुठे काय विचारायचं ते न बघता टाइप करते. फळ्यावर आकडेमोड केलेली होती, मला त्यातली अर्धीही कळली नाही. बहुतेक मोठी पदवी असणार. माझं शिक्षण तिनं विचारलं नाही. मी बाहेर पडलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

ठरलं असं — मी वरून फोन करायचा, ती खालून सांगणार दिवा लागला की नाही.

शनिवार, ७ जुलै

पद्धत लिहून ठेवतो, विसरायला नको. केबल एकच. तळघरातून निघते, जिन्याच्या कोपऱ्यातून वर येते आणि बारा टेबलांमागून एका रांगेत जाते. मध्ये फांद्या नाहीत. शेवटचं टेबल हेडबाईंचं, म्हणजे मजल्याच्या हेडक्लार्कबाईंचं. केबलच्या दोन्ही टोकांना एकेक लहान धातूची टोपी. मशीनं पोचवायला आलेल्या कंपनीच्या इंजिनिअरनं पहिल्या दिवशी निक्षून सांगितलं होतं, 'टोपी नसली की निरोप टोकाला आपटून मागे फिरतो आणि सगळ्यांच्या अंगावर पडतो. एक टोपी गेली की बारा मशीनं मुकी.'

वरची टोपी हेडबाईंच्या मशीनच्या पाठीमागे मी स्वतः लावली. दोनदा तपासली. बाई म्हणाल्या, "काय ते आत्ता करून घे. माझ्या मागे माझ्या टेबलाला हात लावलेला मला खपत नाही."

कशाला लावीन. मला त्यांची भीती वाटते.

सोमवार, ९ जुलै

चाललं!!

दुपारी सव्वातीन. एक नंबरच्या मशीनवर मी नळजोड क्रमांक घातला, बटण दाबलं. काही नाही. काही नाही. मग पडद्यावर हिरवी ओळ उमटली — नाव, पत्ता, मीटरचं वाचन, बाकी. तळघरातून. जिना न उतरता!

फोन वाजला. ती म्हणाली, "दिवा लागलाय." मग म्हणाली, "अहो, श्वास घ्या."

मी घेत होतो. पण मोठ्यानं घेत होतो बहुतेक.

निरोपाचा प्रोग्रॅमही चालू केला. मशीनचा नंबर टाकायचा, मजकूर लिहायचा, पाठवायचा. तळघरातली ती तेरा नंबर. शून्य टाकलं तर सगळ्यांना एकदम जातो. मी चाचणीसाठी शून्यच वापरतो, बारा फेऱ्या वाचतात. पंचाईत एकच — इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिला निरोप पाठवताना मला लाज वाटत होती. 'PANI ALE.'

बारा पडद्यांवर एकदम पाणी आलं. चार नंबरवाले उठून खरोखर नळ बघायला गेले.

मंगळवार, १० जुलै

सकाळी आठ. मुकं. बाराच्या बारा.

साडेदहानंतर आपोआप सुरू. मी काहीच केलं नाही.

बुधवार, ११ जुलै

तेच. आठ वाजता मुकं, नऊला मुकं, दहाला मुकं. १०.३५ ला चालू. संध्याकाळी सगळे गेल्यावर पुन्हा बघितलं — बंद.

प्रत्येक सांधा तपासला. एक ते अकरा. बाराव्यावर बाईंचं प्लॅस्टिकचं आवरण गाठी मारून बांधलेलं. तिथली टोपी मी स्वतः लावलेली आहे, तेव्हा प्रश्न नाही.

शुक्रवार, १३ जुलै

तक्ता केला. वेळ, खोलीतली उष्णता, तळघरातली उष्णता, खिडक्या उघड्या की बंद, नेटवर्क चालू की बंद. माझा अंदाज — सकाळच्या गारव्यानं केबल आखडते, ऊन चढलं की सैल होते. जिन्यातल्या केबलला ताईची जुनी शाल गुंडाळली.

सात नंबरवाले मोठे क्लार्क शालीकडे बघून म्हणाले, "ताप आलाय का तिला?"

चार नंबरवाले म्हणाले, "तसं नाही हो. आपल्याच ऑफिसचं नेटवर्क ते. साडेदहाशिवाय कामाला लागायचं नाही आणि साडेपाचला घरी."

सगळा मजला हसला. मीही हसलो. तोंडदेखलं.

कारण साहेबांनी आज सांगितलं — पंचवीस तारखेला मंडळाचे अध्यक्ष बघायला येणार. सकाळी नऊ वाजता.

सोमवार, १६ जुलै

तरी आजचा दिवस! खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले, थकबाकी विचारायला. चार नंबरवाल्यांनी सवयीनं चिठ्ठी काढली, मग माझ्याकडे बघितलं, मग क्रमांक घातला. अर्ध्या मिनिटात आकडा.

गृहस्थ म्हणाले, "हे काय?"

"तुमची बाकी."

"एवढ्यात? बघितलं कुठे तुम्ही?"

"तळघरात."

"तुम्ही तर इथेच बसलाय." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "छे. इतक्या पटकन आलेलं उत्तर खरं नसतं. मी आपला परवाच येतो."

आणि गेले! मी जिन्यापर्यंत मागे धावलो, पण थांबले नाहीत.

हे तेरा नंबरला कळवलं. उत्तर आलं — परवा मी स्वतः वर येऊन सांगू का त्यांना? मग दुसरी ओळ — जेवलात का?

जेवलो नव्हतो. मग जेवलो.

बुधवार, १८ जुलै

शाल काढली. फरक नाही. पंखा लावला. फरक नाही.

हेडबाई जाता जाता म्हणाल्या, "तुझं ते प्रमाणपत्र राहिलंय हं. फाइलला जागा सोडलीये मी."

शुक्रवार, २० जुलै

सापडलं! सापडलं!

आज ठरवून सकाळी नऊपासून हेडबाईंच्या टेबलासमोर स्टूल टाकून बसलो. एक नंबरचं मशीन चालू ठेवलं, दर पाच मिनिटांनी बघत होतो. मुकं. १०.३० ला बाई आल्या. पर्स ठेवली. कपाट उघडलं. एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली — शिक्के, पंच, टाचण्यांची डबी, कॅल्क्युलेटर. आणि शेवटी, रुमालात गुंडाळलेली, चमकणारी, एवढीशी — माझी टोपी! मशीनच्या मागे हात घालून त्यांनी ती फिरवून घट्ट बसवली. मग वही उघडली, वेळ लिहिली, सही केली.

एक नंबरचा पडदा जिवंत झाला.

मी स्टूलावरून उठलो. बाई म्हणाल्या, "असा काय बघतोस? सुट्या वस्तू आहेत."

दोन वर्षांपूर्वी इथला एक कॅल्क्युलेटर चोरीला गेला होता. तेव्हापासून परिपत्रक आहे — जी वस्तू टेबलावरून नुसत्या हातानं निघते ती सुटी समजावी, रोज संध्याकाळी कपाटात जमा करावी, सकाळी बाहेर काढावी, नोंद ठेवावी. नऊ तारखेच्या संध्याकाळी बाईंनी पुसायला म्हणून मशीन फिरवलं. टोपी हातानं निघाली. म्हणजे सुटी. तेव्हापासून रोज.

त्यांनी मला वही दाखवली. 'टोपी, धातूची, लहान — १. जमा ५.२५. बाहेर १०.३५.' रोजची नोंद, रोजची सही. माझा तक्ता शेजारी धरला. एक मिनिटाचाही फरक नाही! उष्णतेचे रकाने तेवढे फुकट.

"बाई, ती रात्रंदिवस तिथेच राहायला हवी."

"मग गेली म्हणजे? भरून कोण देणार?"

"ती काढली की सगळी मशीनं बंद पडतात."

"साडेपाचनंतर बंदच असायला हवीत."

तळघरात फोन करून सांगितलं. बराच वेळ नुसतं हसणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "आणि तुम्ही केबलला शाल पांघरलीत." पुन्हा हसणं. फोन ठेवावासा वाटत नव्हता.

शनिवार, २१ जुलै

रीतसर अर्ज केला. 'सदर टोपी सुट्या वस्तूंच्या यादीतून वगळावी.' तीनदा लिहून काढला.

बाईंनी चष्मा नाकावर ओढून वाचला. "एकही चूक नाही. हल्लीची पदवीवाली पोरं 'विनंती'सुद्धा धड लिहीत नाहीत. कुठल्या कॉलेजला होतास?"

मी म्हटलं, "केबल बघून येतो."

अर्जावर साहेबांची सही हवी. साहेब दौऱ्यावर. बाई म्हणाल्या, "परवा ये."

मंगळवार, २४ जुलै

साहेब आले नाहीत. सही नाही. उद्या नऊला अध्यक्ष! बाईंनी ५.२५ ला टोपी काढली, रुमालात बांधली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

मी केबलची गुंडाळी उचलून निघालो. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो.

बुधवार, २५ जुलै

साडेआठ वाजता जिन्यात चपला वाजल्या. हेडबाई!

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा," त्या म्हणाल्या. "घरचे विचारत होते, कोण गेलं? म्हटलं कोणी नाही, टोपी लावायची आहे." वहीत लिहिलं — बाहेर ८.३५. सही.

नऊला अध्यक्ष. मागे साहेब, थेट स्टेशनवरून, हातात बॅग. अध्यक्षांनी सगळं बघितलं, मान डोलावली. मग म्हणाले, "बरं, माझ्या घरचा नळ काढून दाखव."

मी क्रमांक घातला. अर्ध्या मिनिटात ओळ आली.

थकबाकी. सात महिने.

साहेबांची बॅग खाली टेकली. चार नंबरवाले पेन शोधायला टेबलाखाली गेले. पडदा बंद करावा की नाही मला कळेना, आणि ते बटण कुठे असतं हेही आठवेना.

अध्यक्ष पडद्याकडे बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "सात. बायको सहा म्हणत होती." मग साहेबांकडे वळले. "चालतंय की. फारच चांगलं चालतंय."

दहाला खिडकी उघडली तसे ते रांगेत उभे राहिले आणि पैसे भरून गेले!

टोपीच्या अर्जावर साहेबांनी उभ्याउभ्याच सही केली. टोपी आता तिथेच राहणार. मी दिवसभर मजल्यावर नुसता फिरत होतो. बसवतच नव्हतं.

गुरुवार, २६ जुलै

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं मशीन अकरा नंबर, कालच त्यांच्या टेबलावर नेलं. म्हणाले, "कायमचा कागद तयार आहे. फक्त प्रमाणपत्राची प्रत. सोमवारपर्यंत दे आणि सुटलास."

होय म्हणून आलो. होय का म्हणालो?

ताईला सांगितलं नाही. ती शेजारणीला 'कायम झाला' म्हणून सांगून मोकळी झाली आहे.

शनिवार, २८ जुलै

हे लिहितानाही कान गरम आहेत. क्रमानं लिहितो.

सकाळी अकरा. तेरा नंबरचा निरोप — कायम झालात की विसराल आम्हा तळघरवाल्यांना. मला ते सहन होईना. एका तरी माणसाला खरं सांगून टाकावं असं वाटलं, आणि ते माणूस तीच असावं असंही वाटलं. लिहिलं — माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. पदविका पूर्ण केलेली नाही. गणितात दोनदा नापास. सोमवारी सगळ्यांना कळेल. तुम्हाला आधी कळावं.

दोनदा वाचलं. पाठवलं.

आणि मागून, एकामागून एक, टुक, टुक, टुक. बारा मशीनं. नंबरच्या जागी शून्य टाकलं होतं. तीन आठवड्यांची सवय.

मी पडद्याकडेच बघत राहिलो. मान वर करायची कशी?

मग पडद्यावर एक ओळ. चार नंबरकडून — मी पण. नववी नापास. तुला म्हणून सांगतोय.

टुक, टुक, टुक. शून्यावरून आलेल्या निरोपाला उत्तर दिलं की तेही शून्यावरच जातं. हे मी कोणाला शिकवलेलं नव्हतं.

मग सात नंबर — टायपिंगची परीक्षा मी धाकट्या भावाला बसवून पास झालो, हे बायकोलाही माहीत नाही. फाडून टाक.

फाडून कसं टाकणार! त्यांनी स्वतःच्या पडद्यावर ते आलेलं बघितलं आणि दोन्ही हातांनी पडदा झाकला. कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग कोणालाच आवरेना.

त्यात हेडबाईंचा आला — कामाच्या वेळेत खासगी निरोप पाठवू नयेत. खाली आणखी एक ओळ — भूगोल, तीनदा.

बाई आपल्या जागी ताठ बसलेल्या. कोणाकडेही न बघता शिक्का मारत होत्या.

शेवटी अकरा नंबर. साहेब. दोनच शब्द — सोमवारी भेट.

तळघरातून काहीच आलं नाही. फोनही नाही. एक वाजता ऑफिस सुटलं. मी तळघराच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

रविवार, २९ जुलै

ताईला सांगितलं. तिनं हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं. निकालाच्या दिवशी तू मला भाजी चिरून दिली होतीस."

सोमवार, ३० जुलै

साहेबांच्या टेबलावर माझा अर्ज उघडा.

"हे अर्जात आधीच का नाही लिहिलंस?"

"भीती वाटली."

"आणि मग बारा मशीनांवर लिहिलंस." हसत नव्हते. "पदविका असं लिहिलं असतंस ना, तर आज घरी पाठवला असता. अभ्यासक्रम लिहिलंयस. प्रमाणपत्र मागाहून. मागाहून म्हणजे कधी?"

"परीक्षा ऑक्टोबरात असते."

"निकाल?"

"डिसेंबर."

त्यांनी कॅलेंडर उलटलं. "जागा मार्चपर्यंत रिकामी ठेवता येते. तोवर रोजंदारी. नापास झालास तर मी जाहिरात देणार. मग माझ्याकडे यायचं नाही."

दार लावता लावता म्हणाले, "आणि ते शून्य काढून टाक."

कायम नाही. पण गेलोही नाही! रस्त्यानं घरी येताना उगीचच चालण्याचा वेग वाढत होता. गणित मात्र तेच आहे. दोनदा पाडणारं. त्याला मी अजूनही घाबरतो.

तळघरातून आजही काही नाही.

मंगळवार, ३१ जुलै

दुपारी ती वर आली. पहिल्यांदाच. स्वेटरशिवाय ओळखूच आली नाही. म्हणाली, "उत्तर दिलं असतं तर सगळ्यांना गेलं असतं. तू असा कसा रे." तू म्हणाली! मग माझ्या टेबलावर एक कागद ठेवला — परीक्षेचा फॉर्म, तिच्या नावाचा — आणि जिना उतरून गेली.

आजचा हिशोब —

परीक्षेचे फॉर्म, दोन (गणित, दुसरं वर्ष — एक माझा, एक तिचा): ८०
गणिताचं पुस्तक, एकच, दोघांत: २२
एकूण खर्च: १०२
तिच्याकडून येणे: ५१. निकालाच्या दिवशी देते म्हणाली.